टेकडीवरची घाणेरी काढली, दुप्पट उगवली: काय चुकलं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातल्या तुमच्या भागातल्या टेकडीवर गेल्या वर्षी मार्च ते मे दर रविवारी चाळीसेक जणांनी श्रमदान करून एकरभर घाणेरी (टणटणी, लँटाना) आणि गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) तोडलं. मोकळ्या झालेल्या जागेत जूनमध्ये वड, पिंपळ, कडुनिंब लावले. ऑगस्टपर्यंत घाणेरी कंबरेएवढी परत आली, मधल्या जागेत गाजरगवत माजलं, रोपं त्यात दिसेनाशी झाली आणि येणारी माणसं चाळीसवरून नऊवर आली. आता गटात दोन मतं आहेत: तणनाशक मारा, नाहीतर जेसीबी लावा. काय चुकलं, असं तुम्ही विचारताय.

तोडण्याच्या पद्धतीत एक चूक आहे, तिच्याकडे येते. पण मुख्य चूक म्हणजे तो एकर.

मी हे काम पंधरा वर्षं करते आहे आणि पहिल्या वर्षी मीही हेच केलं होतं. मार्चमध्ये उत्साह असतो, हवा बरी असते, शाळा-कॉलेजं सुटत आलेली असतात, माणसं येतात. दिवसाला केवढी जागा 'साफ' झाली हे फोटोत छान दिसतं. पण जागा किती उघडी करायची हे मार्चमध्ये किती जण आले यावर ठरवायचं नसतं. जुलैच्या दुसऱ्या रविवारी, रिपरिप पावसात, चिखलात गुडघे टेकून बोटभर रोपटी उपटायला जेवढे येतात, तेवढ्यांवर ते ठरवायचं. तुमचा तो आकडा नऊ आहे. नऊ वाईट नाहीत. आमचे कित्येक वर्षं सातच होते. फक्त नऊ माणसांना एकर झेपत नाही.

आमच्याकडे हिशोब दहा बाय दहा मीटरच्या चौकोनांत चालतो. चार कोपऱ्यांना रंगवलेले दगड, वहीत चौकोनाचा नंबर. दाट घाणेरीचा एक चौकोन मुळासकट काढायला चार जणांची एक सकाळ जाते. हे सगळे सांगतात. त्याच चौकोनात पहिल्या पावसाळ्यात तीन ते चार वेळा, दुसऱ्यात दोनदा आणि तिसऱ्यात एकदा तरी परत जावं लागतं, हे मात्र कोणी सांगत नाही. म्हणजे दरवर्षी नवे दहा चौकोन उघडले तर तिसऱ्या वर्षी पाठीवर तीस चौकोन असतात. नऊ जणांनी वर्षाला पाच-सहा चौकोन घ्यावेत. ऐकायला चिल्लर वाटतं, मला माहीत आहे.

ही काही माझी अक्कल नाही. सिडनीत मॉसमन नावाच्या उपनगरात जोन आणि आयलीन ब्रॅडली या दोन बहिणी राहायच्या. १९६०च्या दशकात घराजवळच्या रानात फिरायला जाता-जाता त्या खुरप्यासारखी छोटी हत्यारं घेऊन तण काढू लागल्या. त्यांनी तीन नियम घालून घेतले होते: जिथे मूळचं रान चांगलं आहे तिथून सुरुवात करून वाईटाकडे जायचं, माती कमीत कमी हलवायची आणि मूळच्या झाडोऱ्याने रिकामी जागा भरून काढली की मगच पुढे सरकायचं. आपण नेमकं उलटं करतो. जिथे सगळ्यात दाट, सगळ्यात डोळ्यांत खुपणारी जाळी आहे तिथेच आधी तुटून पडतो. तिथे आजूबाजूला शंभर फुटांत देशी गवताचं बीसुद्धा उरलेलं नसतं. मग रिकाम्या जागेत येणार कोण? गाजरगवत.

तेव्हा पुढच्या रविवारी हत्यारं घरी ठेवा आणि टेकडीवर नुसते फिरा. कुसळी, मारवेल, पवन्या यांचं गवत अजून टिकून आहे असा तुकडा शोधा. मध्ये एखादा हिवर, मेडशिंगी, हेकळ, बारतोंडी असेल. त्या तुकड्यात शिरलेली पाच-दहा घाणेरीची झुडपं हे तुमचं पहिलं काम. तिथून कडा-कडाने बाहेर सरकायचं. गेल्या वर्षीच्या एकरातला जो भाग या चांगल्या तुकड्याला लागून असेल तेवढाच हातात घ्या. बाकीचा एकर सध्या सोडून द्या. तिथली घाणेरी परत आली आहे, येऊ दे. उघड्या उतारावरची माती वाहून जाण्यापेक्षा ती बरी.

आता घाणेरी. उन्हाळ्यात आपल्याकडचा मुरूम इतका कडक होतो की कुदळ मारली तर हाताला झिणझिण्या येतात. मग माणूस कोयता घेतो, घोट्याएवढ्या उंचीवर छाटतो आणि झालं म्हणतो. घाणेरीला याहून मोठी मेजवानी नाही. एका खोडाच्या जागी आठ-दहा धुमारे. तुमची 'दुप्पट' इथून आली.

झुडपाच्या बुडाशी, जिथे खोड संपतं आणि मूळ सुरू होतं, तिथे एक जाड गाठ असते. फुटवे तिच्यातून येतात. तिच्याखालच्या मुळातून सहसा येत नाहीत. म्हणून झुडूप खणून काढायचीही गरज नाही. दिल्ली विद्यापीठातले प्रा. सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पात हीच पद्धत वापरली: जमिनीच्या तीन ते पाच सेंटिमीटर खाली मुख्य मूळ तोडायचं आणि झुडूप उचलून उलटं ठेवायचं. आम्ही असं करतो. एक जण कोयत्याने बाजूच्या फांद्या छाटून बुडापर्यंत वाट करतो. दुसरा पायाने दगड-माती बाजूला सारून ती गाठ उघडी करतो आणि अरुंद पात्याची कुदळ तिरकी, गाठीच्या खालून घालतो. दोन-तीन घावांत 'कट्' असा आवाज येतो. मोठ्या जुन्या झुडपाला पहार लावून हिसका द्यावा लागतो. उचललं की मुळं वर, शेंडे खाली. मुळांना ऊन लागलं पाहिजे. तसंच आडवं पडू दिलं तर पावसात पुन्हा मातीला चिकटतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

वेळ: पहिले दोन चांगले पाऊस झाले की जूनअखेर ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत. जमीन मऊ असते, बहुतेक फळं हिरवी असतात आणि काढलेल्या जागी शेजारचं गवत त्याच मोसमात सरकतं. पिकून काळीनिळी झालेली फळं लागलेली फांदी चांगल्या तुकड्यातून ओढत नेऊ नका. आधी फळं बादलीत ओरबाडून घ्या. आणि हो, कोयता लावण्याआधी जाळीत काठी घालून नीट बघा. बुलबुल आणि वटवट्या यांची घरटी पावसाळ्यात तिथेच असतात. घरटं दिसलं तर त्या झुडपाला कापडाची चिंधी बांधायची आणि पुढे जायचं. काठीचं दुसरं कारण घोणस. बूट, जाड पँट, कातडी हातमोजे आणि जाळीत हात घालण्याआधी काठी, याला आमच्याकडे कुणालाही सूट नाही.

घाणेरी काढायला लागलात की 'अहो, फुलपाखरं कुठे जातील?' असं विचारणारं कोणीतरी भेटेलच. प्रश्न रास्त आहे, फुलपाखरं तिच्यावर येतात हे खरंच आहे. पण ती येतात मध प्यायला. अंडी घालायला त्यांना दुसरी झाडं लागतात, आणि त्यातली बरीचशी घाणेरीच्या सावलीत मरतात. ती झाडं आणि मधाची दुसरी फुलं परत यायला मात्र वेळ लागतो. म्हणून सगळी घाणेरी एका हंगामात काढायची नाही, याला हेही एक कारण.

गिरिपुष्पाचं प्रकरण वेगळं आहे आणि जरा नाजूकही. पुण्याच्या टेकड्यांवर ते आपोआप आलं नाही, ते लावलं गेलं. आमच्या टेकडीवर रोज येणारे एक आजोबा आहेत. आम्ही पहिल्यांदा गिरिपुष्पाला हात घातला तेव्हा ते बराच वेळ बाजूला उभे होते. मग म्हणाले, "हे मी लावलंय. खालून कॅनने पाणी आणून." चाळीसेक वर्षांपूर्वी टेकडी उघडीबोडकी होती, शेरडं चरायची, लोकांना हिरवं हवं होतं, आणि न मरणारं, शेरडांनी फारसं न खाल्लेलं, भराभर वाढणारं झाड म्हणून कुणीतरी गिरिपुष्पाची रोपं दिली. त्या वेळच्या समजुतीने त्यात काही वावगं नव्हतं. गवताळ माळ ही 'ओसाड जमीन' नसते, हे तेव्हा फार थोड्यांना पटलेलं होतं. आजोबांशी वाद घालू नका. आमच्या आजोबांना आम्ही चौकोनांची वही सांभाळायला दिली. अजून तेच लिहितात.

गिरिपुष्प फेब्रुवारीत पानं टाकून गुलाबी फुलतं, मग चपट्या शेंगा धरतात आणि उन्हाच्या तडाख्याने तडकून बी लांब फेकतात. पण त्याच्या बियांना फारशी सुप्तावस्था नसते, पाणी मिळालं की त्या लगेच उगवतात. म्हणजे मोठ्या झाडांच्या शेंगा एका वर्षी बंद केल्या की पुढच्या जुलैत रोपटी एकदम कमी होतात. इथे सुबाभूळ आडवी येते. तिचं बी कडक सालीचं, मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतं. टेकडीवर दोन्ही असतील तर आधी सुबाभळीच्या शेंगा हिरव्या असतानाच तोडा.

बारकं गिरिपुष्प, अंगठ्याएवढ्या खोडाचं, पावसाळ्यात मुळासकट हाताने निघतं. मोठं झाड तोडलं की बुंध्यातून पेंढीभर फुटवे. त्याला एकच उपाय: दर दीड-दोन महिन्यांनी फुटवे कोवळे असताना छाटत राहायचं, दोन-तीन वर्षं. झाड थकतं. छाटलेला पाला चांगलं हिरवळीचं खत आहे. जवळपास शेती असेल तर शेतकरी खुशीने नेतात.

आणि एक फजिती सांगते. पहिल्या वर्षी आम्ही तोडलेल्या गिरिपुष्पाच्या मनगटाएवढ्या फांद्यांचं, गुरं येऊ नयेत म्हणून, चौकोनांभोवती छान कुंपण केलं. सुतळीने बांधलं, फोटो काढले. पंधरा जूनला कुंपणाला पालवी. ज्या झाडाची कुंपणासाठी जगभर छाटाच रोवतात, त्याची छाटं आम्ही हौसेने ओळीत रोवली होती! तोडलेली फांदी जमिनीला लागता कामा नये. दगडावर किंवा खडकावर आडव्या रचा, पूर्ण वाळू द्या.

कायद्याची बाजू आधी पाहा, नंतर नाही. झुडूप काढणं एक आणि झाड तोडणं वेगळं. शहरी हद्दीत १९७५चा महाराष्ट्राचा वृक्ष संरक्षण कायदा लागू आहे. झाड परदेशी आहे, उपद्रवी आहे, म्हणून त्यातून आपोआप सुटत नाही. पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची लेखी परवानगी लागते. टेकडीचा भाग वनखात्याकडे असेल तर झुडपासाठीही वनखात्याचं पत्र हवं. तोंडी 'करा की' यावर विसंबू नका. एकदा एका अधिकाऱ्याच्या तोंडी होकारावर आम्ही सुरुवात केली. त्यांची बदली झाली, नव्या साहेबांनी कुदळी जप्त केल्या आणि त्या सोडवायला तीन महिने गेले. आता पत्राची प्लॅस्टिकमध्ये घातलेली प्रत प्रत्येक तुकडीच्या पिशवीत असते. शिवाय येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी एक फलक: कोणतं झाड काढतोय, का, कोणत्या परवानगीने. भांडणं निम्म्याने कमी होतात.

गाजरगवताबद्दल पुणेकरांनी जरा जपून बोलावं, कारण भारतात त्याची ठळक नोंद पहिल्यांदा इथेच झाली, १९५०च्या दशकाच्या मध्यावर. एका झाडाला दहा हजारांवर बिया धरतात आणि उघडी, हललेली माती मिळाली की उगवतात. तुमच्या एकरात ते यायचंच होतं. फुलण्याआधी, पानांचा झुबका जमिनीलगत असतानाच, ओल्या मातीतून मुळासकट उपटा. फूल आलेलं असेल तर गोणीत भरा, खतात टाकू नका. दमा किंवा त्वचेची ॲलर्जी असणाऱ्याने या कामाला येऊच नये, बाकीच्यांनी हातमोजे आणि मास्क. पानांवर फिक्या रंगाचे, तपकिरी रेघांचे बारके भुंगेरे दिसले तर त्यांना मारू नका. ते १९८४ मध्ये मेक्सिकोतून बंगळूरला आणलेले मदतनीस आहेत, गाजरगवताचा पाला फस्त करतात. आणि टाकळा उगवत असेल तर त्याला हात लावू नका. तो दाट वाढून गाजरगवताला दाबतो. शिवाय कोवळा असताना भाजी होते.

तणनाशकाला माझा नकार आहे. उतारावर मारलेलं पावसाबरोबर खाली ओढ्यात जातं. फवारणीला देशी गवत आणि गाजरगवत यांतला फरक कळत नाही. शिवाय ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ग्लायफोसेट या तणनाशकाच्या वापरावर निर्बंध आणणारी अधिसूचना काढली, परवानाधारक कीटकनियंत्रकांनीच ते वापरावं अशी. रविवारी आलेल्या कॉलेजच्या मुलांच्या हातात पंप देणं कुठल्याच हिशोबात बसत नाही. जेसीबीबद्दल तर एवढंच: तो घाणेरीबरोबर वरची चार बोटं माती नेतो, आणि टेकडीवर मुळात तेवढीच असते.

खडकातलं चिवट झाड यंत्राशिवाय निघतं का, याचं उत्तर जोधपूरला आहे. मेहरानगडाच्या पायथ्याशी राव जोधा उद्यानात २००६ पासून वेडी बाभूळ (बाहेरून आलेलं काटेरी झाड) काढायचं काम सुरू झालं. वृक्षअभ्यासक प्रदीप कृष्ण यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बरेच उपाय करून पाहिले आणि शेवटी यश आलं ते खंडवालियांना, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या दगड फोडणाऱ्या खाणकामगारांना. छिन्नी-हातोड्याने खडक फोडून ते मुळाच्या गाठीपर्यंत पोचले. तुमच्या भागात वडार समाजातले कारागीर असतील तर दोन दिवसांची रीतसर मजुरी देऊन त्यांना बोलवा. पहार कुठे लावायची हे आम्ही त्यांच्याकडूनच शिकलो.

रोपांचं काय? वड, पिंपळ, कडुनिंब लावू नका. झाडं चांगलीच आहेत, पण ही जागा गवताची आहे. रातवा, तित्तिर, चंडोल जमिनीवर अंडी घालतात, त्यांना सावली नको असते. पहिली दोन वर्षं काहीही लावू नका. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये चांगल्या तुकड्यातलं पवन्या-मारवेल बी धरल्यावर विळ्याने कापा आणि मोकळ्या चौकोनात दोन बोटं जाडीने पसरा. त्यावर घाणेरीच्या वाळक्या, बिनफळांच्या काटक्या उताराला आडव्या टाका, माती आणि बी दोन्ही अडतात. पण वाळलेल्या घाणेरीचे मोठे ढीग फेब्रुवारीपर्यंत ठेवू नका. आग लागायला एक बिडी पुरते.

ओळख चुकली की सगळं चुकतं. उन्हाळ्यात टेकडीवर सगळ्याच काड्या असतात. आमच्या एका उत्साही तुकडीने एप्रिलमध्ये 'वाळक्या' म्हणून उपटलेल्या अकरा काड्या सोनसावरीची रोपं होती. दुसरा घोळ ऑगस्ट-सप्टेंबरात. सोनकी आणि पिवळा कॉसमॉस दोन्ही पिवळेच. सोनकी आपली, साध्या, न चिरलेल्या पानाची, बुटकी. कॉसमॉस बागेतून सुटलेला, बारीक चिरलेल्या पानांचा, कंबरेपर्यंत जाणारा. त्याचं काळं सुईसारखं बी मोज्यात अडकून उतरतं आणि पुढच्या टेकडीवर चढतं, म्हणून खाली येण्याआधी मोजे झटकायचे. नव्या माणसाला पहिले दोन रविवार एकच झाड दाखवा आणि तेवढंच काढायला सांगा.

शेवटी तुम्ही विचारलंय, हे किती वर्षं करायचं. आमच्या एक नंबरच्या चौकोनात पहिल्या जुलैत घाणेरीची रोपटी मोजायला घेतली आणि चारशेच्या पुढे आजोबांनी वही मिटली. गेल्या जुलैत तिथे सहा निघाली, सगळी एका हिवराखाली, जिथे बुलबुल बसतात. यंदाही जाणार आहोत. तुम्ही आधी तो गवताचा तुकडा शोधा, आणि त्यातल्या अनोळखी झाडांचे फोटो पाठवा. नुसत्या फुलाचा नको, पान आणि खोड दोन्ही दिसेल असा.